पाण्यावरचा तात्पुरता रस्ता : बांधण्याआधीच काढण्याचा हिशेब हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहरातल्या महामार्गाचा जुना पूल दुरुस्तीला घेतला की बातमीत एक ओळ हमखास असते : ‘वाहतूक तात्पुरत्या पुलावरून वळवण्यात येणार आहे.’ त्या ओळीमागे काय काय असते हे वाचकांपर्यंत फारसे पोहोचत नाही. मग वाचकांच्या पत्रांत दोन सूर उमटतात. चार वर्षांनी मोडायच्याच रस्त्यावर एवढा खर्च कशाला, हा एक. तात्पुरताच आहे ना, मग थोडे सांभाळून घ्या, हा दुसरा. पूलबांधणीच्या कामात रोज असणाऱ्या आम्हाला हे दोन्ही सूर चुकीचे वाटतात आणि दुसरा तर धोक्याचा वाटतो. ‘तात्पुरता’ या शब्दातून पूल किती दिवस उभा राहणार एवढेच कळते. त्यावरून जाणारा चाळीस टनी ट्रक तोच, खालून वाहणारे पाणीही तेच.

मुळात रस्ता पाण्यावर का न्यायचा? शहरात महामार्गाच्या दोन्ही अंगांना इमारती, रेल्वे, गटारे, केबल यांनी जागा व्यापलेली असते. मोकळी पट्टी उरते ती खाडीची, कालव्याची किंवा नदीच्या काठची. टोकियोच्या शुतो एक्स्प्रेसवेवरचे काम यासाठी अभ्यासण्यासारखे आहे. तिथल्या १ क्रमांकाच्या हानेदा मार्गाचा हिगाशी-शिनागावा आणि सामेझु इथला सुमारे १.९ किलोमीटरचा टप्पा १९६३ मध्ये खुला झाला. रस्ता समुद्राच्या पाण्याला जवळजवळ टेकलेला. खाऱ्या पाण्याने काँक्रीट फुटले, आतल्या सळया उघड्या पडल्या आणि खाली शिरून दुरुस्ती करायलाही जागा नव्हती. दिवसाला सुमारे ७० हजार वाहने जाणारा रस्ता बंद ठेवणे शक्य नव्हते. म्हणून शेजारच्या पाण्यात आधी वळणमार्ग उभारला आणि सप्टेंबर २०१७ मध्ये शहराकडे येणारी वाहतूक त्यावर घेतली. रिकामी झालेली जुनी बाजू पाडून तिथे नवी बांधली. जून २०२० मध्ये शहराबाहेर जाणारी वाहतूक त्या नव्या बाजूवर आणली आणि मग जुनी दुसरी बाजू पाडायला घेतली. म्हणजे तिथला ‘तात्पुरता’ रस्ता कित्येक वर्षे राजधानीचा मुख्य रस्ता होता. असा रस्ता कामचलाऊ असून चालत नाही.

आता प्रकार. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवा प्रकार म्हणजे मुरूम-दगडाचा भराव टाकून त्यात ह्यूम पाइप (काँक्रीटचे मोठे नळ) बसवायचे. साधा हिशेब करून पाहा. १२०० मिमी व्यासाच्या एका पाइपचे तोंड १.१३ चौरस मीटर. पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने गेले तरी एका पाइपमधून सेकंदाला सव्वादोन घनमीटरच जाणार. दहा पाइप टाकले तर साडेबावीस. शहरातल्या मध्यम नदीला पुराच्या दिवशी सेकंदाला दोनशे-तीनशे घनमीटर पाणी सहज येते. मग भराव धरणासारखा वागतो, वरच्या अंगाला वस्तीत पाणी चढते आणि शेवटी पाणी भरावाच्या माथ्यावरून जाऊन तो उतरत्या बाजूने पोखरत नेते. त्यात पाइपच्या तोंडाशी प्लास्टिक आणि जलपर्णी अडकली की दहातले चार-पाच पाइप निकामीच धरायचे. कोरड्या हंगामातल्या दोन-तीन महिन्यांच्या कामाला भराव चालतो, तोही पावसाआधी काढायची तारीख करारात लिहिलेली असेल तरच. महामार्गाची वाहतूक वर्षानुवर्षे त्यावर ठेवणे आम्हाला मान्य नाही.

तरंगत्या पुलाचा विषय थोडक्यात संपतो. भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार मीटरने बदलत असेल आणि काठाला जोडणारा उतार चाळीस मीटरचा असेल, तर त्याचा चढ दिवसातून दोनदा दहा टक्क्यांवर जाणार. भरलेल्या मालट्रकला ते झेपत नाही.

तिसरा प्रकार सुट्या पोलादी चौकटी (पॅनेले) जोडून उभारायच्या पुलाचा. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली यांनी आखलेल्या पुलाचे एक पॅनेल सुमारे ३ मीटर लांब, दीड मीटर उंच आणि साधारण २६० किलो वजनाचे. सहा माणसांनी उचलता यावे हा त्यामागचा हिशेब. आजचे पॅनेल पूल त्याच कल्पनेचे वारस आहेत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २३ मे २०१३ रोजी जादा उंचीच्या मालामुळे एका ट्रकची धडक बसून स्कॅगिट नदीवरच्या महामार्ग पुलाचा एक गाळा (दोन आधारांमधला भाग) कोसळला. त्या जागी असा पूल बसवून १९ जूनला, म्हणजे चार आठवड्यांच्या आत, वाहतूक सुरू झाली. कायमचा गाळा पुढे सप्टेंबरमध्ये बसला. पण तिथे दोन्ही बाजूंचे जुने आधारखांब शाबूत होते. आधार असतील तेव्हा हा प्रकार उत्तम. आधारच नव्याने उभारायचे असतील, रस्ता लांब असेल आणि वळणे घेणार असेल, तर नळखांबांवरचा पोलादी पूल हाच खरा मार्ग. पुढचे सगळे लिखाण त्याविषयी आहे.

या पुलाची रचना सोपी दिसते. ५०० ते ८०० मिमी व्यासाचे, १० ते १६ मिमी जाडीचे पोलादी नळखांब तळात ठोकायचे, त्यांच्या ओळीवर आडवी तुळई, तुळयांवर लांबीच्या दिशेने गर्डर आणि गर्डरवर डेकचे, म्हणजे ज्यावरून वाहने जातात त्या पृष्ठभागाचे, पॅनेल. खांबांच्या दोन ओळींत बहुधा सहा ते बारा मीटर अंतर. जिथे बोटीवरून काम करता येत नाही तिथे क्रेन तयार झालेल्या भागावर उभी राहते, पुढच्या ओळीचे खांब ठोकते, गर्डर टाकते आणि एक गाळा पुढे सरकते. इथेच पहिली चूक होते. पुलाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा भार बहुधा वाहतुकीचा नसून या क्रेनचा असतो. खांब आणि हॅमर उचलून क्रेन बाजूला वळली की जवळजवळ सगळे वजन ती ज्यांवर चालते त्या दोन साखळीपट्ट्यांपैकी एकाखाली येते. त्यामुळे आराखड्यात वाहतुकीचा भार धरला आणि क्रेनचा विसरला, तर पूल खुला होण्याआधीच गर्डर वाकतो. क्रेनचे मॉडेल कामाच्या मध्यावर बदलले तर हा हिशेब पुन्हा करायलाच हवा.

खांब ठोकण्याच्या कामात घाई सर्वांत महागात पडते. खांब जागेवर उभा राहावा म्हणून पोलादी चौकट लावतात. ती नसेल तर खांब ७५ मिमीच्या मर्यादेबाहेर सरकतो आणि वरची तुळई मध्यावर न बसता कडेला बसते. मग तुळईला भोके वाढवणे, पाचर ठोकणे असले उद्योग सुरू होतात. सुरुवातीला व्हायब्रो हॅमरने खांब उतरवतात, कारण तो वेगवान आणि तुलनेने कमी आवाजाचा. पण त्याच्या थरथरीने भोवतालच्या मातीची पकडच काही काळ सुटते, म्हणून खांब झरझर खाली जातो. तो किती वजन पेलेल याचा अंदाज त्या वेगावरून लागत नाही. शेवटचे एक-दोन मीटर घावाच्या हॅमरने ठोकूनच खात्री करावी लागते. त्या वेळी खांबाला आलेखाचा कागद चिकटवतात आणि स्थिर पट्टीवर पेन्सिल टेकवून धरतात. प्रत्येक घावाला पेन्सिल एक टोकदार रेघ काढते. वरचे टोक खांब किती दबला ते दाखवते, उसळी मारून तो परत किती वर आला ते रेघेच्या उतरत्या बाजूवरून कळते आणि दोहोंतला फरक म्हणजे खांब प्रत्यक्षात किती उतरला. दहा घावांत २५ मिमीपेक्षा कमी उतरला तर खांब बसला असे सामान्यतः धरतात. नेमका आकडा हॅमरच्या वजनावर, खांबावर आणि मातीवर ठरतो.

एवढ्यावरही थांबता येत नाही. चिकणमातीत ठोकलेल्या खांबाची पकड काही दिवसांनी वाढते. दाट बारीक वाळूत किंवा मऊ खडकात उलटही होते, पकड ढिली पडते. म्हणून एक-दोन दिवसांनी काही निवडक खांबांवर पुन्हा घाव घालून पाहायचे असतात. वेळापत्रक मागे पडले की सर्वांत आधी हीच चाचणी गाळली जाते. कागदाचा तो तुकडा, खांबाचा क्रमांक आणि तारखेसह, फाइलमध्ये आहे का, हा प्रश्न कोणाही नागरिकाने विचारावा असा आहे.

नळखांब बारा मीटरच्या लांबीत येतात. पुढची लांबी जोडायची तर वेल्डिंग उभ्या अवस्थेत, वाऱ्यात आणि ओलाव्यात होते. एका ओळीतले सगळे जोड एकाच पातळीवर येऊ नयेत आणि जोडांची अल्ट्रासॉनिक तपासणी व्हावी, इतके तरी पाळावे.

खांबांना एकमेकांशी बांधणारे तिरपे ब्रेसिंग हा छोटा वाटणारा, पण मोठा विषय आहे. ट्रकने पुलावर करकचून ब्रेक दाबला की त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा जोर आडवा लागतो. तो खांबांना ढकलू पाहतो. ब्रेसिंग जितके खाली, तितका खांब ताठ. पण खाडीत ते ओहोटीच्या दोन-तीन तासांतच वेल्ड करता येते, आणि नदीत खाली घेतलेले ब्रेसिंग पुरात वाहून येणारी झाडे, कचरा, जलपर्णी अडवते. असा दहा मीटर रुंद आणि दीड मीटर जाड कचऱ्याचा तराफा सेकंदाला ३ मीटर वेगाच्या पाण्यात अडकला, तर पुलावर साधारण साडेनऊ टनांचा आडवा दाब येतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. म्हणून नदीत ब्रेसिंग नेहमीच्या पूरपातळीच्या वर ठेवून खांबच जाड घेणे आम्हाला अधिक पसंत. खाडीत, जिथे कचरा कमी आणि लाटा जास्त, तिथे ब्रेसिंग खाली न्यावे.

आता तळाची धूप. खांबाला आपटलेले पाणी खाली वळते आणि खांबाच्या पायाशी भोवरा करून वाळू उकरते. वाळूच्या तळात हा खड्डा खांबाच्या व्यासाच्या दीड ते अडीच पट खोल जाऊ शकतो. म्हणजे ८०० मिमीच्या खांबाला दोन मीटरपर्यंत. पाण्याखाली घडत असल्याने वरून काहीच दिसत नाही. रस्ता गुळगुळीत, कठडे सरळ, सगळे ठीक. पण खांबाची मोकळी लांबी ८ मीटरची १० झाली, तर वाकण्याविरुद्धची त्याची ताकद लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. ती मूळच्या ६४ टक्क्यांवर येते. ज्या खांबाला आराखड्यात पुरेसा वाव ठेवला होता तो असा निमूटपणे कडेलोटावर येऊन उभा राहतो. त्यावर उपाय म्हणजे मोजणे. प्रत्येक मोठ्या पुरानंतर आणि एरवी महिन्यातून एकदा, दोरीला बांधलेल्या वजनाने किंवा ध्वनिलहरींच्या यंत्राने प्रत्येक ओळीपाशी तळाची पातळी घ्यायची आणि धोक्याची पातळी आधीच ठरवून ठेवायची. ती ओलांडली की आधी वाहतुकीचा वेग आणि भार कमी, पुढच्या पातळीला पूल बंद. ‘पाहू या’ म्हणायला त्यात जागा ठेवायची नाही. खड्डे भरायला जाळीतले किंवा पिशव्यांतले दगड टाकावेत. मोकळे मोठे दगड पुढे खांब उपटताना आडवे येतात आणि पाण्याची वाटही अरुंद करतात.

तात्पुरत्या पुलासाठी किती मोठा पूर धरायचा, यावर बैठकीत सर्वांत जास्त वाद होतो आणि बाहेर सर्वांत कमी बोलले जाते. ‘दहा वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग ऐकून चार वर्षांच्या कामाला तो पुरेसा आहे असे वाटते. गणित वेगळे सांगते. असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता दहा टक्के, मग चार वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता ३४ टक्के. तीनात एक. पंचवीस वर्षांचा पूर धरला तर १५ टक्के, पन्नास वर्षांचा धरला तर सुमारे ८ टक्के, शंभर वर्षांचा धरला तर ४ टक्के. आणि कामे लांबतात हे सर्वांना ठाऊक आहे. चार वर्षांचे काम सात वर्षे चालले, तर दहा वर्षांच्या पुरावर बेतलेल्या पुलाला तो पूर गाठण्याची शक्यता ५२ टक्क्यांवर जाते. नाणे उडवण्याइतकी. मुदतवाढीचा कागद सही होताना हा आकडा त्यावर लिहिलेला असायला हवा. वर्दळीच्या महामार्गाचा वळणमार्ग निदान पन्नास वर्षांच्या पुरावर बेतावा आणि त्याआधीच्या पातळीला तो बंद करण्याची पद्धत ठरलेली असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुलाची उंचीही याच वादात अडकते. गर्डरचा तळ पूरपातळीच्या वर किमान एक मीटर तरी ठेवावा. पण दर मीटर उंचीमागे चार टक्क्यांच्या चढाला प्रत्येक टोकाला २५ मीटर उताररस्ता लागतो आणि शहरात ते २५ मीटर मिळत नाहीत. म्हणून पूल खाली आणण्याचा मोह होतो. २००५ मध्ये कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सजवळच्या पॉन्चरट्रेन सरोवरावरच्या जोड पुलांचे काय झाले ते आठवावे. लाटा डेकच्या तळाला पोहोचल्या, गर्डरांमध्ये हवा कोंडली, वजनदार काँक्रीटचे गाळे उचलले गेले आणि खांबांवरून सरकून पाण्यात पडले. डेक खांबांना पुरेसा बांधलेला नव्हता. पुढे एका बाजूचे शाबूत गाळे दुसऱ्या बाजूला बसवून ऑक्टोबरमध्ये एक पूल सुरू केला आणि उरलेल्या खिंडी तात्पुरत्या पोलादी गाळ्यांनी भरून जानेवारी २००६ मध्ये दुसरा. पोलादी डेक तर काँक्रीटपेक्षा हलका. तो खाली दाबून धरणारे बोल्ट आराखड्यात नसतील तर लाट त्याला सहज उचलते.

डेकची पॅनेले साधारण एक मीटर रुंद, दोन ते तीन मीटर लांब आणि वीसेक सेंटीमीटर जाड असतात. रात्री पुलाशेजारी राहणाऱ्यांना जो खडखडाट ऐकू येतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने : पॅनेलच्या चार कोपऱ्यांपैकी एक गर्डरवर टेकलेला नाही. फट दोन मिलिमीटरची असली तरी प्रत्येक चाक तो कोपरा आपटवते, बोल्ट ढिला होतो आणि फट वाढते. रबराची पट्टी आणि योग्य जाडीची पत्र्याची पाचर बसवली की आवाज थांबतो. म्हणजे लोकांची आवाजाची तक्रार ही खरे तर दुरुस्तीची सूचना असते, ती तशीच घ्यावी. ओला पोलाद टायरला धरत नाही, म्हणून वर राळेत बसवलेली खडीची कच किंवा डांबराचा थर लागतो. सांध्यांनाही जागा हवी. ६० मीटर लांबीचा सलग पोलादी भाग तापमान ४० अंशांनी बदलले की जवळजवळ २९ मिमी लांब-आखूड होतो. सांध्यात कचरा आणि डांबर ठासून बसले की हा ताण दुसरीकडे निघतो, बहुधा टोकाच्या आधाराच्या बोल्टमध्ये.

पूल जिथे जमिनीला लागतो तिथला दणका सगळ्यांना परिचित आहे. खांब खोलवर टेकलेले, ते दबत नाहीत. शेजारचा नवा भराव मात्र महिनोन्महिने दबत राहतो. तिथे चार-सहा मीटरची काँक्रीटची जोडलादी टाकावी आणि पातळी मोजून वेळोवेळी डांबराने उतार जुळवून घ्यावा. भरधाव ट्रकचा तो दणका नुसता कमरेला बसत नाही, तो पहिल्या गाळ्याच्या गर्डरलाही बसतो.

वळणाबद्दल थोडे सविस्तर. मूळ रस्ता ताशी ८० किलोमीटरसाठी आखलेला असेल, तर सहा टक्के आडवा उतार धरून वळणाची त्रिज्या किमान २५० मीटर लागते. ६० साठी १३५ मीटर, ५० साठी ९० मीटर पुरतात. पाण्यात बाजूला सरकून परत मूळ रस्त्याला मिळायचे म्हणजे एकापाठोपाठ एक उलटी वळणे येतात, आणि जागा नसल्याने ती ५०-६० ची ठेवली जातात. चालक मात्र मागच्या पाच किलोमीटरच्या सवयीने ८० वर येतो. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड पुलाच्या पूर्वेकडच्या भागाचे काम चालू असताना येर्बा बुएना बेटाजवळ असे एस आकाराचे तात्पुरते वळण सप्टेंबर २००९ मध्ये खुले झाले. वेगमर्यादा ताशी ४० मैल होती. नोव्हेंबरमध्ये एक मालट्रक तिथे कठड्यावरून सुमारे २०० फूट खाली कोसळून चालक दगावला. नुसत्या फलकाने वेग कमी होत नाही. वळणाच्या आधी लेन टप्प्याटप्प्याने अरुंद करणे, रस्त्यावर आडवे खडबडीत पट्टे, वळणभर उजळ बाणफलक आणि वेग दाखवणारा दिवा हे सगळे मिळून काम करते.

कठड्याची गोष्टही अशीच. रस्त्याच्या कामात नेहमी दिसणारे काँक्रीटचे सुटे ठोकळे धडक बसली की एक-दोन मीटर सरकतात. जमिनीवर ते चालते, किंबहुना ते सरकतात म्हणूनच धडक सौम्य होते. पाण्यावरच्या डेकच्या काठाला त्यांच्यामागे एक मीटर जागाच नसते. तिथे कठडा डेकला आणि डेकखालच्या गर्डरला बोल्टने पक्का जोडलेलाच हवा. पुलावर थांबायला बाजूपट्टी नसेल तर दर तीन-चारशे मीटरवर गाडी बाजूला घ्यायची जागा आणि दोन्ही टोकांना ओढगाडी चोवीस तास तयार ठेवावी. एक बंद पडलेली बस अख्खा महामार्ग अडवते.

वाहतूक नव्या रस्त्यावर घ्यायच्या रात्रीची एक चूक डोळ्यांसमोर आणावीशी वाटते. जुन्या लेनच्या पांढऱ्या रेघा खरवडून काढायच्या असतात. वेळ वाचवायला त्यांवर काळा रंग फासतात. दिवसा त्या दिसत नाहीत. पण रात्री पाऊस पडला की समोरच्या दिव्यांच्या उजेडात काळ्या रंगाची गुळगुळीत पट्टी आजूबाजूच्या खरखरीत डांबरापेक्षा जास्त चमकते, आणि चालकाला सरळ जाणारी जुनी लेन पुन्हा दिसू लागते. ती सरळ कठड्याकडे नेत असते. रेघा यंत्राने घासून किंवा जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने काढाव्यात. उघडण्याआधी एक गाडी रात्री, रस्ता ओला करून, दोन्ही दिशांनी फिरवून पाहावी. अर्ध्या तासाचे काम आहे.

खुला झाल्यावर देखभाल रोजची. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बोल्ट दररोज, मग आठवड्याने, मग महिन्याने. घट्ट केलेल्या नटवरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवली की ढिला झालेला नट लांबून ओळखू येतो, कारण रेघ तुटलेली दिसते. खाऱ्या पाण्यात भरतीच्या पातळीच्या वर, शिंतोडे उडतात त्या पट्ट्यात पोलाद वर्षाला ०.३ मिमीपर्यंत झिजते. १२ मिमी जाडीचा खांब पाच वर्षांत तिथे दीड मिलिमीटर, म्हणजे आठवा हिस्सा गमावतो. तेवढी जाडी सुरुवातीलाच वाढवून घेतली तर प्रश्न नाही. मात्र मुदत वाढली की तो हिशेबही नव्याने करायला हवा, आणि भाड्याने आलेले खांब आधीच्या कामात किती झिजून आलेत ते जाडी मोजूनच घ्यायला हवे.

पाण्यात ज्यांचा रोजगार आहे त्यांचाही हा रस्ता आहे. होड्यांसाठी निदान एक रुंद गाळा मोकळा, त्याच्या दोन्ही बाजूंना पुलाच्या खांबांपासून अलग उभारलेले धक्काखांब आणि रात्री दिवे हवेत. धक्का झेलणारे खांब पुलाला जोडले तर होडीचा धक्का पुलालाच बसतो. खांब ठोकताना गाळ पसरू नये म्हणून लावलेला पाण्यातला पडदा सेकंदाला अर्ध्या मीटरहून जास्त वेगाच्या प्रवाहात उलटून निकामी होतो, त्यामुळे ठोकण्याची वेळ भरती-ओहोटीच्या मधल्या संथ काळात ठेवावी. पहिले काही घाव हलके द्यावेत, म्हणजे मासे दूर जातात.

आणि आता शेवटचा भाग, ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिले. पूल काढणे. उद्घाटनाला गर्दी असते, काढण्याच्या वेळी निधी संपलेला आणि लक्ष नव्या पुलाकडे लागलेले असते. काही वर्षे गाळात उभा असलेला खांब मातीने असा धरून ठेवलेला असतो की ठोकायला वापरलेला व्हायब्रो त्याला हलवत नाही. जास्त ताकदीचा लागतो, आणि त्याला पेलणारी क्रेन लागते. ती क्रेन पुलाच्या ज्या भागावर उभी राहणार तो अजून शाबूत असायला हवा, म्हणून काढण्याचा क्रम बांधण्याच्या नेमका उलटा, शेवटच्या गाळ्यापासून मागे. नवा पूल बाजूला उभा राहिल्यावर क्रेनचा हात फिरायला जागा उरते का, हे बांधण्याआधीच नकाशावर पाहिलेले असावे. खांब अजिबात निघालाच नाही तर तो तळाच्या किमान एक-दोन मीटर खाली कापावा. पाणबुडे बाहेरून कापतात किंवा नळखांबाच्या आत यंत्र उतरवून आतून कापतात. तळाच्या पातळीलाच कापलेला खांब पुढच्या दोन पुरांत वाळू सरकली की बोटभर, मग हातभर वर येतो. पाण्याखाली न दिसणारे ते टोक होडीचा तळ फाडते, जाळे ओढून नेते. खांब उपटल्यावर राहिलेला खड्डा नव्या पुलाच्या पायाजवळ असेल तर वाळूने भरावा लागतो, नाहीतर नव्या खांबाची बाजूची माती ढिली पडते.

हे टळावे म्हणून निविदेत काढण्याचे काम वेगळ्या रकमेने, खांबामागे मोजून, आणि शेवटपर्यंत राखून ठेवलेले असावे. ते एकूण रकमेत मिसळले की टोके पाण्यात राहतात. काम सुरू होण्याआधी तळाचा नकाशा काढलेला असावा आणि काढल्यावर पुन्हा त्याच जाळीने मोजणी करून दोन्ही नकाशे शेजारी लोकांसमोर ठेवावेत. आपल्या बातमीदारांना आमची विनंती आहे की यापुढे ‘वाहतूक तात्पुरत्या पुलावरून’ ही ओळ छापताना चार गोष्टी विचाराव्यात : पूल किती वर्षांच्या पुरावर बेतला आहे, तो किती वर्षे उभा राहील असे धरले आहे, तळाची मोजणी कोण आणि किती दिवसांनी करतो, आणि ठोकलेल्या खांबांपैकी किती उपटले व किती कापले याची नोंद कुठे मिळेल. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे उद्घाटनाच्या दिवशी मिळू शकतात. चौथ्यासाठी काही वर्षांनी पुन्हा त्याच काठावर जावे लागेल. तेव्हा ओहोटीची वेळ पाहून जावे.

आपले,
पूलबांधणीच्या कामातले काही स्थापत्य अभियंते